समग्र आरोग्याची घरगुती कृती

समग्र आरोग्य म्हणजे शरीर, मन, आहार आणि झोप या सगळ्यांचा एकत्र विचार. नवशिक्याने हा विचार करण्याआधी जाहीर करावा. मनातल्या मनात केलेला निश्चय अंगी लागत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सूर्योदयाचा फोटो टाकावा. तो स्वतः काढलेला असण्याची सक्ती नाही. मुहूर्त म्हणून सोमवार चालतो, गुढीपाडवा उत्तम.

लागणारे साहित्य: पावले मोजणारे घड्याळ, टेकडीला शोभतील असे बूट, तांब्याचे भांडे, मेथ्या, बदाम, आवळे, आणि हे सगळे आदल्या रात्री आठवणीने भिजत किंवा भरून ठेवणारी एक व्यक्ती. शेवटची बाब बाजारात मिळत नाही. बहुतेक नवशिक्यांच्या घरी ती आधीपासूनच असते, म्हणून यादीत लिहायची राहून जाते.

वाग्भटांनी ‘अष्टांगहृदया’त ब्राह्म मुहूर्तावर उठायला सांगितले आहे. गजर पाचचा लावावा आणि फोन जरा लांब ठेवावा. म्हणजे तो बंद करायला दुसरे कोणीतरी उठते, आणि उठलेच आहे तर आले ठेचून काढा टाकते. काढा उकळेपर्यंत पडून राहण्याला शवासन म्हणतात. रोज अभ्यंग करावे असेही त्याच ग्रंथात आहे. आपल्याकडे ते वर्षभराचे एकदम नरक चतुर्दशीला उरकायची पद्धत आहे. व्यायामाबद्दल मात्र वाग्भटांचा शब्द प्रमाण मानावा. बलवान माणसानेही तो अर्ध्या शक्तीनेच करावा, आणि तोही थंडीत व वसंतात. एरवी त्याहून कमी. इतका समजूतदार ग्रंथकार विरळा.

यानंतर टेकडी. पुण्यात पर्वती आहे, तळजाई आहे, वेताळ टेकडी आहे. कुठली निवडायची हे अंतरावर नव्हे, तिथे कोण कोण येते यावर ठरवावे. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला “आज उशीर?” असे विचारायचे असते. नवशिक्याने काही दिवस हा प्रश्न ऐकून घ्यावा, मग एके दिवशी लवकर जाऊन दुसऱ्याला विचारावा. त्या दिवशी जे वाटते त्यालाच बहुधा आरोग्य म्हणत असावेत. पायथ्याशी कारले, दुधी, गव्हांकुर यांचे रस मिळतात. इथे थट्टा जरा बाजूला ठेवतो: दुधी कडू लागला तर तो रस लगेच टाकून द्यावा. ‘कडू म्हणजे गुणकारी’ हा समज दुधीच्या बाबतीत जिवावर बेततो. तेवढे सोडले तर रस कसलाही घ्यावा, कारण त्यानंतर अमृततुल्यात चहा आणि क्रीमरोल घ्यायचाच असतो.

पावले १०,००० भरली पाहिजेत. हा आकडा कुठल्या वैद्याने काढलेला नाही. १९६५ साली यामासा या जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र विकायला काढले, खपावे म्हणून त्याच्या नावातच हा गोल आकडा घातला, आणि तेव्हापासून जग चालते आहे. संध्याकाळी हिशेब कमी पडला तर हॉलमध्ये हात हलवत येरझारा घालाव्यात. ओटा ते फ्रिज, फ्रिज ते गॅलरी, गॅलरी ते ओटा असे दिवसभर चालणाऱ्याच्या मनगटावर घड्याळ नसते, त्यामुळे ती पावले धरत नाहीत.

हसणेही आवश्यक. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत लोखंडवालाच्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगून हसत. दोन आठवड्यांच्या आत सांगण्याजोगे विनोद संपले, तेव्हा विनोदावाचून हसायचे ठरले, आणि चळवळ जगभर पसरली. नवशिक्याने यावरून धडा घ्यावा आणि निदान घरी तरी विनोद सांगू नयेत. घरचे लोक ते लग्नापासून ऐकत आले आहेत.

मनाची शांती हा वरच्या इयत्तेचा भाग. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस राहावे लागते आणि फोन काढून घेतात. तिथे जाण्याची मनाची तयारी होईपर्यंत मौनाचा सराव घरीच करावा. “सिलिंडरचा नंबर लावला का?” असा प्रश्न आला की डोळे मिटावेत आणि श्वासाकडे लक्ष द्यावे. प्रश्न आपोआप विरून जातो. सिलिंडरही येतो, तो कसा येतो याच्या खोलात साधकाने शिरू नये.

काही महिन्यांनी प्रगती तपासावी. तपासणीच्या पॅकेजवर नवराबायकोला मिळून सवलत असते, तेव्हा दोघांची नावे नोंदवावीत. रिकाम्या पोटी सकाळी साडेसातला जायचे असते. नवशिक्याने वेळेवर जावे, कोलेस्टेरॉल उतरल्याचा रिपोर्ट ग्रुपवर टाकावा आणि खाली हात जोडल्याचे चित्र द्यावे. दुसऱ्या नावाला त्या वेळी मुलांचे डबे असतात, पाणी जायचे असते, कामवाली यायची असते. तिची तारीख पुढे ढकलता येते. त्याचे जादा पैसे पडत नाहीत.