विसारपावतीचे तौलनिक शास्त्र : हॅरोहून चौकास पत्र

मु. हॅरो, लंडन

तीर्थरूप नानाकाका यांच्या चरणी हॅरोस्थित कुटुंबाचे शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

स्थावराचा व्यवहार तोंडी ठरतो तो क्षण आणि तो कायद्याने मोडता येईनासा होतो तो क्षण, या दोहोंमध्ये प्रत्येक समाजाने काही काळ मोकळा ठेवलेला असतो, आणि विकणाऱ्याच्या सचोटीची जी काही परीक्षा व्हायची ती या मधल्या काळातच होते. कारण भाव ठरण्यापूर्वी सगळेच सज्जन असतात आणि खरेदीखत नोंदल्यानंतर सज्जन असण्यावाचून गत्यंतर नसते. होकार दिलेल्या गिऱ्हाइकास बाजूस सारून मागाहून आलेल्या चढ्या भावाच्या गिऱ्हाइकास घर देणे, या प्रकारास इंग्लंडात गझम्पिंग म्हणतात. रायगड जिल्ह्यातील चौक येथील वडिलोपार्जित भातखाचरांविषयी काकांकडून जी पृच्छा आली आहे तिचे उत्तर देण्यापूर्वी या प्रकाराचे दोन्ही देशांतील स्वरूप मांडणे क्रमप्राप्त आहे, कारण हॅरोस्थित कुटुंब एका देशात नुकतेच त्याचे बळी ठरले असून दुसऱ्या देशात त्याच प्रकाराचे लाभार्थी होण्याचे निमंत्रण त्यास आले आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये विक्रेत्याने देऊ केलेली किंमत मान्य केली, हस्तांदोलन केले, चहा पाजला आणि दारावरची पाटी बदलून व्यवहार ‘करारास अधीन राहून’ ठरल्याचे जाहीर केले, तरी कायद्याच्या दृष्टीने काहीही घडलेले नसते. १९८९ च्या कायद्यानुसार जमीनजुमल्याचा करार सर्व अटींसह लेखी असावा लागतो व त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या असाव्या लागतात; उभयपक्षी सह्या केलेल्या प्रतींची वकिलांमार्फत अदलाबदल होते तेव्हाच व्यवहार बंधनकारक ठरतो, आणि सामान्यतः किमतीचा एक दशांश भाग त्या वेळी भरला जातो. तोवरचे अनेक आठवडे खरेदीदाराने स्वतःच्या खर्चाने घराची तपासणी करवून घ्यायची, बँकेचे कर्ज मंजूर करवून घ्यायचे आणि वकिलाकरवी नगरपालिकेची दप्तरे धुंडाळायची असतात. या अवधीत दुसऱ्या कोणी अधिक रक्कम देऊ केल्यास ती विक्रेत्यास कळविणे दलालावर बंधनकारक असते, जोवर विक्रेत्याने लेखी नको म्हटलेले नाही. म्हणजे मोहसुद्धा या देशात कर्तव्यबुद्धीने घरपोच केला जातो.

या व्यवस्थेचा अनुभव कुटुंबास पुढीलप्रमाणे आला. पसंत पडलेल्या घराच्या वृद्ध मालकीणबाईंनी किमतीस होकार दिला, बिस्किटे पुढे केली आणि मागच्या अंगणात तुळस जगेल की नाही याविषयी आस्थेने चर्चा केली. सूनबाईंनी देवघराची दिशा होकायंत्राने निश्चित केली आणि चिरंजीवांनी आपल्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने क्रिकेट संघाच्या चित्राची जागाही आखून ठेवली. तपासनीसाने भिंतींतील ओलीवर छायाचित्रांसह सविस्तर अहवाल दिला, त्याचे शुल्क चुकते झाले, आणि त्याच आठवड्यात दलालाने दूरध्वनीवरून कळविले की घर पंधरा हजार पौंड अधिक देणाऱ्यास गेले. मालकीणबाईंनी आपणांस मनापासून वाईट वाटत असल्याचे सुवाच्य अक्षरात लिहून पाठविले, त्यावरून या देशात मनापासून वाईट वाटण्याचा चालू दर काय आहे याचा अंदाज आला. परक्याच्या भिंतीतील ओलीचा साद्यंत अहवाल मात्र आजही कुटुंबाच्या निर्वेध मालकीचा असून त्यावर कोणाचाही बोजा नाही.

यावर इंग्रजांनी उपाय शोधलेच नाहीत असे नाही. ठरावीक मुदतीत अन्य कोणाशी बोलणी न करण्याचा स्वतंत्र करार, ज्यास येथे ‘लॉक-आउट’ म्हणजे इतरांसाठी दार बंद ठेवण्याचा करार म्हणतात, तो ग्राह्य असल्याचे येथील अपील न्यायालयाने १९९३ मध्ये पिट विरुद्ध पीएचएच या खटल्यात मान्य केले, आणि त्यात दार बंद ठेवण्याची मुदत अवघी दोन आठवड्यांची होती. स्कॉटलंडात वकिलांमधील पत्रव्यवहारानेच करार बांधला जातो, आणि एकदा होकार कळविल्यावर विक्रेता चढ्या भावाकडे वळू लागल्यास त्याच्या वकिलाने त्याचे काम सोडावे असा तेथील वकील-संस्थेचा संकेत आहे. त्यामुळे स्कॉटिश मनुष्यास शब्द मोडण्यापूर्वी नवा वकील शोधण्याचा खर्च करावा लागतो, आणि एवढा अडथळा त्या लोकांना पुरेसा होतो असे दिसते.

आता रायगड जिल्ह्याकडे वळल्यास चित्र जवळजवळ उलटे दिसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५४ नुसार साठेखताने, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याच्या कराराने, जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. तथापि तो करार पाळण्यास भाग पाडता येते. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याखाली खरेदीदार न्यायालयात जाऊन विक्रेत्याकडून खरेदीखतच करून मागू शकतो, त्यासाठी त्याने आपण सदैव तयार व इच्छुक होतो हे दाखवावे लागते. आणि १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने असा हुकूम देण्या-न देण्याबाबतची न्यायालयाची पूर्वीची मोकळीक बरीच आवळली आहे. भारतात असा करार तोंडीसुद्धा असू शकतो, फक्त तो सिद्ध करताना जन्म जातो. तात्पर्य असे की हॅरोमध्ये बिस्किटांसह दिलेला शब्द वाऱ्यावर विरतो आणि काकांनी पडवीत बसून पाचशेच्या मुद्रांकावर लिहून दिलेली विसारपावती, म्हणजे आगाऊ रक्कम पोचल्याची व भाव ठरल्याची कबुली, दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून उभी राहते.

हे ठाऊक असूनही कर्जत-खालापूर पट्ट्यात ठरलेले व्यवहार फिरतात, याचे कारण भाव माणसाच्या स्वभावापेक्षा वेगाने धावले हे होय. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाच्या कामात चौकचे नाव स्थानकांच्या यादीत आले, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. परिणामी ज्या खाचरांत कालपर्यंत कर्जतच्या संशोधन केंद्राचे ‘कर्जत-३’ भात लावावे की नाही एवढाच प्रश्न होता, तेथे आता गुंठ्याचा, म्हणजे एकराच्या चाळिसाव्या भागाचा, भाव सकाळी एक आणि संध्याकाळी एक सांगितला जातो. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असला पाहिजे ही १९४८ च्या कुळकायद्याची अटही मुंबईकरांस अडवू शकत नाही, कारण योग्य वेळी प्रत्येकास सातबाऱ्यावर नाव असलेले एखादे आजोबा सापडतात. पुतण्यानेच जमीन घेऊन टाकावी ही काकूंची सूचना हृद्य असली तरी अमलात येण्यासारखी नाही, कारण परकीय चलन नियमांनुसार परदेशस्थ भारतीयास शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही.

प्रस्तुत प्रकरणात काकांनी पहिल्या खरेदीदाराकडून विसार घेतला, त्याच्या वकिलाने रिवाजाप्रमाणे वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागविल्या, आणि हरकत तर कोणाची आली नाही, परंतु ती नोटीस वाचून एक दुसरे गृहस्थ पांढऱ्या गाडीतून अधिक भाव घेऊन आले. येथे शास्त्राचा एक नाजूक मुद्दा उपस्थित होतो. आधीच्या कराराची माहिती नसताना प्रामाणिकपणे पैसे मोजून जमीन घेणाऱ्यास कायदा संरक्षण देतो, माहिती असताना घेणाऱ्यास देत नाही. त्यामुळे ज्या नोटिशीने या गृहस्थांस चौकचा रस्ता दाखविला तीच त्यांना अनभिज्ञ म्हणवून घेऊ देणार नाही, आणि पहिल्या खरेदीदारास दावा लावण्यास कायद्याने जी तीन वर्षांची मुदत आहे तीत तो काका व गृहस्थ या दोघांनाही एकाच कठड्यात उभे करू शकेल. दावा लागल्यावर त्याची नोटीसही नोंदविली जाईल आणि मग तिसरा खरेदीदार पांढऱ्या गाडीतून काय, बैलगाडीतूनही येणार नाही.

तथापि कुटुंबाचा निर्णय केवळ या भीतीवर आधारलेला आहे असे समजण्यात येऊ नये. प्रश्न रविवारी जेवणाच्या टेबलावर मांडला गेला तेव्हा वाढीव भावातील आपल्या हिश्शाचे पौंडांत रूपांतर करून पाहण्याचे काम कर्त्या पुरुषाने कोणी न सांगता पूर्ण केले, ही गोष्ट नोंदवणे न्याय्य ठरेल; रक्कम ऐकून काही काळ सर्वांनी आमटीची स्तुती केली. नंतर सूनबाईंनी ओलीचा अहवाल कपाटातून आणून टेबलावर ठेवला, आणि चिरंजीवांनी पहिल्या खरेदीदारालाही मुले आहेत काय असे विचारले. मतदान त्यानंतर अनावश्यक ठरले. पेणच्या आत्याबाईंचाही हिस्सा असल्याने त्यांची संमती काकांनी घ्यावी, आणि पांढऱ्या गाडीतील गृहस्थांस ताक देऊन सन्मानाने परत पाठवावे.

खरेदीखतासाठी मुखत्यारपत्र, म्हणजे काकांनी या कुटुंबाच्या वतीने सही करण्याचा अधिकारलेख, येथील भारतीय उच्चायोगात साक्षांकित करून सोबत पाठविले आहे. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते याची नोंद घ्यावी. काकांच्या शब्दावर कुटुंबाचा परिपूर्ण विश्वास असल्यामुळे सदर मुखत्यारपत्रात पहिल्या खरेदीदाराचे संपूर्ण नाव, गट क्रमांक आणि ठरलेला भाव ही तिन्ही अक्षरी व अंकी नमूद केली असून, अन्य कोणाच्या नावे सही केल्यास ती या कुटुंबावर बंधनकारक राहणार नाही असे कलम ठळक टंकात घातले आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

हॅरोस्थित कुटुंब