जुनी फटफटी : निवड, खरेदी आणि सोसायटीतील संबंध

जुनी मोटरसायकल घ्यायची असेल तर आधी मिस्त्री शोधावा. गाडी काय, नंतर मिळतेच. 'पॉइंट', 'कंडेन्सर' हे शब्द ऐकताच ज्याचे डोळे चमकतात असा साठी ओलांडलेला मिस्त्री गाठावा, त्याला चहा पाजावा, शुगरची चौकशी करावी आणि मुलाने हा धंदा उचललाय का, हे हळूच काढून घ्यावे. मुलगा बहुधा आयटीत असतो. म्हणूनच शुगरची चौकशी मनापासून करावी.

मग गाडी पाहायला जावे. विकणारा सांगेल, 'डॉक्टरांची गाडी, सिंगल हँड.' महाराष्ट्रातल्या निम्म्या जुन्या गाड्या डॉक्टरांनीच चालवल्या आहेत; दवाखाने कोण बघत होते, हे विचारू नये. न बोलता इंजिनाला हात लावावा. गरम लागले तर आपण येण्याआधी कुणीतरी किका मारून घामाघूम झालेला आहे. दुसऱ्या दिवशी न कळवता जाऊन गार इंजिन चालू करायला लावावे. चेसिस नंबर आरसी बुकाशी अंक-अंक ताडून पाहावा. 'नंबर घासला गेलाय, पण गाडी आपलीच' असे उत्तर आले तर चहा अर्धा टाकून उठावे.

निवडीबाबत तीन मते आहेत आणि तिन्ही पंथांत बेटीव्यवहार होत नाही. आरएक्स 100 ही 1985 ते 1996 या काळात बनलेली 98 सीसीची गाडी. तिचा मालक आज अशी किंमत सांगतो, की ऐकणाऱ्याने नवी गाडी घेऊन उरलेल्या पैशांत पेट्रोल भरावे. म्हैसूरच्या येझदीला डाव्या बाजूला एकच दांडा असतो. किकही तोच, गिअरही तोच. गाडी चालू झाली की तो पुढे वळवून गिअरवर आणायचा असतो. ओळखीच्या माणसाने 'जरा एक चक्कर मारतो' म्हटले, की ही गोष्ट त्याला सांगू नये. गाडी आपोआप परत मिळते.

जुन्या बुलेटला मात्र विधी आहे. किक हळू दाबत जावे. अडली की डीकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढून अॅमीटरच्या काट्याकडे पाहावे. काटा मधोमध आला की लिव्हर सोडावा, किक वर घ्यावी आणि पूर्ण वजनानिशी खाली जावे. टायमिंग चुकलेले असेल तर किक उलटी येऊन नडगीवर बसते. त्यानंतर काही क्षण कुळाचा उद्धार होतो, मग पुन्हा काटा पाहावा. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, हे ऐन चौकात आठवून उपयोग नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात : 15 वर्षांनंतर आरटीओत फेरनोंदणी आणि तिच्याबरोबर पर्यावरण कर, पुढे दर पाच वर्षांनी तेच. पन्नाशी उलटलेल्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी घेता येते, पण मग ती रोजच्या वापरात आणायची नाही. इतक्या काटेकोरपणे पाळला जाणारा वाहतुकीचा दुसरा नियम देशात नसावा.

ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी जावा 2018 मध्ये आणि येझदी 2022 मध्ये परत आली. रूप जुने, आत फ्युएल इंजेक्शन, एबीएस, बटण दाबले की चालू. दोष एवढाच, की ती रस्त्यात बंद पडत नाही, त्यामुळे चार अनोळखी माणसे भोवती जमून प्लग काढायचा सल्ला देत नाहीत. जुन्या गाडीवर सिग्नलला थांबले की शेजारच्या स्कूटरवरचे काका काच वर करून म्हणतात, 'आमच्याकडे पण होती. विकली.' इथे मान हलवून नुसते 'अरेरे' म्हणावे. किती रुपयांना, हे विचारू नये. काकांना सिग्नल सुटल्याचे कळत नाही.

पार्किंगमध्ये तेलाचा डाग पडणारच. गाडीखाली पुठ्ठा अंथरावा आणि सेक्रेटरींच्या नजरेस डाग येण्याआधी आपण पेढे द्यावेत. पार्टसाठी जुन्या बाजारात रविवारी चकरा मारून कंटाळा आला, की मिस्त्री स्वतःच सुचवतो : पार्टसाठी म्हणून अजून एक भंगार गाडी घेऊन टाका. घ्यावी. महिन्याभरात तोच सांगतो, की हिचे इंजिन तर पहिलीपेक्षा बरे आहे, हिलाच उभी करू. मग हिच्या पार्टसाठी तिसरी बघायला लागावे. सेक्रेटरींनी विचारले तर ती मेहुण्याची आहे, त्याच्याकडे पार्किंग नाही, असे सांगावे. आणि मेहुण्यालाही तसे आधीच कळवून ठेवावे.