फुकटचा वेताळ

त्रिमितीय माउस म्हणजे टेबलावर बसकण मारलेली जाडजूड टोपी. ती सरकत नाही. ढकला, उचला, कलवा, पिळा, सहा परींनी ऐकते. लिनक्सवर मात्र तिचं ऐकून घ्यायला पडद्यामागे कुणीतरी बसावं लागतं. तो ‘स्पेसनॅव्हडी’. शेवटचा ‘डी’ डीमनचा. मॅक्सवेलच्या काल्पनिक भुतावरून एमआयटीतल्या मंडळींनी १९६०च्या दशकात असल्या पडद्यामागच्या प्रोग्रॅमांना हे नाव दिलं. आपला वेताळ निदान प्रश्न तरी विचारतो. हा मुका. ब्लेंडर किंवा फ्रीकॅडसारख्या त्रिमितीय मॉडेलं घडवणाऱ्या प्रोग्रॅमने दार ठोठावलं की हालचालींचे आकडे मुकाट हाती देतो. पगार नाही, नोंदणी नाही, ईमेल नाही. (ईमेल न मागणाऱ्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा?)

परवा माझं मॉडेल भलत्याच दिशेला फिरू लागलं. दोन तास ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडली. मग सेटिंगची फाइल उघडली. वाय आणि झेड अक्षांची अदलाबदल करणारी ओळ गेल्या दिवाळीत मीच लिहून ठेवली होती.

वेताळ काही बोलला नाही. तो लॉग लिहीत होता.