बघ्यांच्या मागण्या

गिरगावात सध्या एकच उद्योग भरभराटीला आलाय, बघत उभं राहण्याचा. चाळ पाडायला घेतली की समोरच्या फुटपाथवर हात मागे बांधून मंडळी हजर. जेसीबीने गॅलरीचा कठडा खाली आणला की एकजण हळहळतो, "बर्मा टीक हो, आता मिळायचं नाही." दुसरा लगेच भाव सांगतो. तिसऱ्याकडे आतली बातमी असते, की चांगलं लाकूड रात्रीच टेम्पोत भरून गेलं, हा नुसता भुसा पडतोय.

मेट्रोने या मंडळींची मोठी सोय केली होती. शंकरशेट रस्त्यावर वर्षानुवर्षं खड्डा, खड्ड्याभोवती पत्रे आणि पत्र्यांना फटी. त्या फटींतून निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी भुयाराची तांत्रिक तपासणी रोज दोनदा केली. ऑक्टोबर 2025 मध्ये साडेतेहेतीस किलोमीटरची, 27 स्थानकांची मार्गिका पुरी झाली. मुंबईला भुयारी रेल्वे मिळाली आणि गिरगावातले बघे बेकार झाले.

आता सारी भिस्त पुनर्विकासावर. नियम सोपा आहे. इमारत उपकरप्राप्त हवी, विकास नियमावलीचं कलम 33(7) लावायचं, 51 टक्के भाडेकरूंची संमती घ्यायची आणि प्रत्येकाला किमान 300 चौरस फूट कबूल करायचे. उरलेले 49 टक्के आपोआप बघ्यांत जमा. सही केलेलेही पुढे तिथेच येतात. फक्त ते डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडून येतात, बिल्डरकडून यायचं भाडं कुठे अडलं ते बघायला.

परवा एका टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीने एका आजोबांना हटकलं, "किससे मिलना है?"

आजोबा म्हणाले, "कुणाला नाही. इथे आमची मोरी होती."

मोरीच्या जागी आता सात मजली पार्किंग आहे. माणसं आठव्या मजल्यापासून सुरू होतात. गाड्यांना मात्र आधी जागा मिळाली, त्यांच्यात भाडेकरू संघटना नसताना.

1893 साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तो ई-मेलवर परवानगी न मागता. टॉवरला चौक नसतो, लॉबी असते, आणि लॉबीत इटालियन मार्बल असतो. त्यावर गुलाल सांडला तर दंड कोणी भरायचा, यावर कमिटीची बैठक व्हायची आहे.

तेव्हा समस्त बघ्यांच्या वतीने काही मागण्या. एक, पत्र्यांना डोळ्यांच्या उंचीवर अधिकृत भोकं पाडावीत. कमरेत वाकलेल्यांसाठी वेगळी, खाली. दोन, बोर्डावरची 'काम पूर्ण होण्याची तारीख' रंगाने न लिहिता खडूने लिहावी, दर वर्षी पेंटरचा खर्च वाचेल. तीन, पाडव्याच्या शोभायात्रेला वसई-विरारहून फेटे बांधून येणाऱ्या मूळ गिरगावकरांना टॉवरचं स्वच्छतागृह वापरू द्यावं. चाळीत ते सामायिक होतं म्हणून नाकं मुरडली, आता तेवढंही उरलं नाही.

आणि चौथी, अगदी माफक. भाडेकरूच्या करारात मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा खर्च बिल्डरने घालावा, दोन्ही डोळ्यांचा. चाव्या हातात पडतील त्या दिवशी खोली दिसायला तर हवी.