पोट आमचे, पाकीट तुमचे

प्रति,
पाकीटबंद खाऊ आणि शीतपेये बनवणाऱ्या समस्त कंपन्यांचे माननीय संचालक,



देशातल्या वाढत्या लठ्ठपणाचं खापर काही लोक आपल्या माथी फोडताहेत, हे पाहून वाईट वाटलं. चूक सर्वस्वी आमची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 साली 20.6 टक्के स्त्रिया आणि 18.9 टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले होते. 2019-21च्या पाहणीत हे आकडे 24 आणि 22.9 टक्क्यांवर गेले. म्हणजे मधल्या काळात कोट्यवधी भारतीयांनी एकमताने आळशी व्हायचं ठरवलं असणार. जिथे एसटी दिवसातून एकदाच जाते, तिथल्या टपरीवरही तुमच्या पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकतात, त्याचा याच्याशी काय संबंध?

'व्यायाम करा' हा तुमचा सल्ला तर लाखमोलाचाच. लाखमोलाचा कसला, दहा लाखांचा, आणि तेही डॉलर. अमेरिकेत कोका-कोलाने काही शास्त्रज्ञांच्या एका संस्थेला पैसा पुरवला होता. खाण्यापिण्याकडे फार बघू नका, हालचाल वाढवा, असं ती संस्था सांगत असे. 2015 साली वर्तमानपत्रांनी हे उघड केलं. कोलोरॅडो विद्यापीठाने या संस्थेसाठी कोका-कोलाकडून मिळालेले दहा लाख डॉलर परत केले आणि त्याच वर्षाअखेर संस्थेने गाशा गुंडाळला. चांगल्या कामात लोक असा खोडा घालतात!

आमच्या गणिताचाही आनंदच आहे. तुम्ही बाटलीच्या पाठीवर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत साखर छापता, तीही शंभर मिलिलिटरमागे. आम्ही मेले बाटली तोंडाला लावतो. शंभर मिलिलिटरला साधारण दहा ग्रॅम धरले, तर पाऊण लिटरमध्ये पंचाहत्तर ग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. तीन दिवसांचा कोटा एका बैठकीत संपवणाऱ्यानेच कॅल्क्युलेटर जवळ बाळगायला हवा, नाही का? सहावीतल्या पोराने तर नक्कीच. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत असा माल विकू नये, असा 2020 सालचा नियम आहे म्हणे. फाटकाबाहेर मोजपट्टी घेऊन उभा असलेला अधिकारी मला तरी अजून दिसलेला नाही.

साखर, मीठ, चरबी किती ते पाकिटाच्या दर्शनी बाजूलाच ठळक लिहा, अशी मागणी होत असते. त्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2022च्या मसुद्यात तारे सुचवले, अर्ध्यापासून पाचपर्यंत. साखरेमुळे गुण कापले जाणार, पण प्रथिनं नि तंतू घातले की थोडे परत मिळणार. परीक्षेत कॉपी करणाऱ्याला सुवाच्य अक्षराचे गुण देण्यासारखंच हे! दीड तारा मिळालेल्या बिस्किटाकडे बघून आईला वाटणार, चला, काहीतरी मिळालंय. एप्रिल 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा निकाल लावायला सरकारला तीन महिने दिले, पुढे मुदतही वाढवून दिली. तुम्हाला घाई नाही, हे आम्ही समजू शकतो.

चिलीचे लोक मात्र फारच उद्धट. त्यांनी 2016पासून पाकिटाच्या तोंडावर काळा अष्टकोन छापायला लावला आणि त्यात सरळ लिहिलं, 'साखर जास्त'. अशा मालावर मुलांना भुरळ घालणारी कार्टून चित्रंही बंद केली. मक्याच्या पोह्यांच्या खोक्यावरचा तो प्रसिद्ध वाघ चिलीतून हद्दपार झाला. भारतात त्याला अशी हद्दपारी नाही. व्याघ्रसंवर्धनात आपला देश अग्रेसर आहेच.

आता एकच विनंती. काळा अष्टकोन छापला तर धंदा बुडेल, असं इथे पुन्हा सांगू नका. तुमच्यापैकी बड्या बहुराष्ट्रीय कंपन्या चिलीत आजही तो छापून माल विकतात. तोच अष्टकोन इथल्या पाकिटावरही छापा, अक्षरं मराठीत, आणि चष्मा न लावता वाचता येतील एवढी मोठी.

आपला,
एक वजनदार ग्राहक