मामांच्या फोनवर एपीके चढवण्याची शास्त्रोक्त पद्धत

पूर्वतयारी : चार्जर, मामांचा चष्मा आणि भरलेलं पोट. उपाशीपोटी बसू नये. मामा प्रत्येक परवानगी मोठ्याने वाचतात, मग त्यावर मत देतात, मग ‘परवानगी द्या’ दाबतात.

एपीके म्हणजे अ‍ॅपची फाइल. ती चढवायला ‘अज्ञात स्रोत’चं सरसकट बटण शोधत सेटिंगमध्ये भटकू नये. २०१७ साली अँड्रॉइड ८ आलं आणि ते बटण गेलं. आता क्रोमला वेगळी परवानगी, फाइल मॅनेजरला वेगळी. मामांना हे मनापासून आवडतं. टेबलागणिक शिक्का हवाच.

‘पॅकेज पार्स करताना समस्या आली’ : फाइल अर्धवट उतरली आहे, नाहीतर अ‍ॅपच्या मानाने फोनचं अँड्रॉइड जुनं आहे. फाइल पुन्हा उतरवावी. नावाच्या शेवटी ‘एक्सएपीके’ असेल तर आत अ‍ॅपचे तुकडे असतात. त्याला वेगळा इन्स्टॉलर लागतो.

‘अ‍ॅप इन्स्टॉल झालं नाही’ : का झालं नाही, हे सांगायला फोन बांधील नाही. आधी जागा बघावी. मामांच्या फोनमध्ये ती नसतेच, सुप्रभातची फुलं असतात. ती पुसू म्हटलं की मामा एकेक उघडून बघतात आणि एकही पुसू देत नाहीत.

जागा असूनही अडलं तर सही बघावी. प्रत्येक एपीकेवर ते बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. नवी प्रत दुसऱ्याच कुणाच्या सहीची असेल, तर ती जुन्या अ‍ॅपवर चढत नाही. मामा बँकेत होते. सही जुळत नाही म्हणून त्यांनी गावभरचे चेक परत केले, सख्ख्या मेव्हण्याचासुद्धा. तो मेव्हणा म्हणजे माझे वडील. आता फोन तेच करतो, तर मामा म्हणतात, “उद्धट आहे मेला!”

उपाय एकच, जुनं अ‍ॅप काढून नवं टाकणे. पण थांबा, अ‍ॅपबरोबर त्यातली माहितीही जाते. मामांचं अ‍ॅप जप मोजण्याचं. आकडा आधी कागदावर उतरवावा. मामांनी तो अक्षरी लिहिला, तारीख घातली आणि खाली सही केली.

अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या हिशोबाने लिहिलेली अ‍ॅप्स २०२३ चं अँड्रॉइड १४ घेतच नाही. कॉम्प्युटरला केबल जोडून एडीबीने ती बसवता येतात. हे मामांना सांगू नये.

प्ले प्रोटेक्ट हा फोनचा पहारेकरी. तो बंद करू नये. कुणीही सांगो.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके होऊन आलेली लग्नपत्रिका मुळीच उघडू नये. खरी पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते. एपीके असली तर ते एसएमएस वाचून ओटीपी पळवणारं अ‍ॅप समजावं. पोलिसांनीही तसं बजावलंय. आरटीओच्या चलनाचं एपीकेही त्याच जातीचं. मामांना हे सगळं समजावलं. पटलं त्यांना.

“नाहीच उघडायची,” म्हणाले. “फक्त मुलगी कुणाची, तेवढं बघ.”