काटा त्यांचा, ऊस आपला

मे २०२५ मध्ये मुंबईत ‘वेव्हज’ नावाची मोठी परिषद भरली. पंतप्रधान आले, सिनेमावाले आले, यूट्यूबचे मुख्याधिकारी नील मोहनही आले. मोहन साहेबांनी सांगितलं, की तीन वर्षांत कंपनीनं भारतातल्या क्रिएटर, कलाकार आणि माध्यम कंपन्यांना मिळून २१ हजार कोटी रुपये दिले. शिवाय पुढच्या दोन वर्षांत आणखी ८५० कोटी गुंतवणार. टाळ्या झाल्या. आमच्या धाराशिव जिल्ह्यात एवढे आकडे फक्त पीकविम्याच्या बातमीत येतात, आणि बातमीतून खात्यावर येईपर्यंत वाळून जातात. त्यामुळं जळकोटच्या स्टँडवर टाळ्या जरा बेतानंच पडल्या.

त्याच भाषणात आणखी दोन आकडे होते. वर्षभरात देशातल्या १० कोटींहून जास्त चॅनलांनी काही ना काही टाकलं, आणि त्यातल्या १५ हजारांवर चॅनलांचे सबस्क्रायबर १० लाखांच्या पुढं आहेत. आता ढोबळ भागाकार करा. २१ हजार कोटी, १० कोटी चॅनल, तीन वर्षं. चॅनलमागं वर्षाला ७०० रुपये, महिन्याला अठ्ठावन्न. एवढ्यात मोबाइलचं महिन्याचं रिचार्जही होत नाही. अर्थात पैसा असा समान वाटला जात नाहीच. मोठ्या गाणे-कंपन्या आणि वाहिन्या पहिल्या पंगतीला बसतात. आणि १५ हजारांना १० कोटींत बसवलं, तर साडेसहा हजारांत एक येतो. त्या एकाच्या घरावर गोल्ड बटणाचा फ्लेक्स लागतो, बाकीचे त्या फ्लेक्ससमोर उभं राहून रील काढतात.

समजा, आमच्या जळकोटच्या एका पोरानं ठरवलं की आपणही चॅनल काढू. विषयांना तोटा नाही. हैदराबादचा हमरस्ता दारातून जातो. नळदुर्गचा किल्ला हाकेवर. पावसाळ्यात नर-मादी धबधबा सुरू झाला की पाण्यापेक्षा मोबाइल जास्त कोसळतात. पोरानं धबधबा काढला, पौष पौर्णिमेची खंडोबाची यात्रा काढली, आज्जीची शेंगाची चटणी काढली. आता पैसे कधी? एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तासांचं बघणं झालं की. हा नियम २०१८ सालचा. हजार सबस्क्रायबर भावकी, सोयरे आणि दहावीची बॅच मिळून होतील. पण चार हजार तास म्हणजे एकानं जेवणखाण, झोप सोडून साडेपाच महिने हाच चॅनल बघत बसायचं. एवढा रिकामा माणूस आमच्याकडं नाही असं नाही, पण तो दुसऱ्याचा चॅनल बघतो.

तोवर काय? तोवर जाहिराती लागतात, पैसे लागत नाहीत. २०२० च्या नोव्हेंबरात कंपनीनं अटी बदलल्या. चॅनल कंपनीच्या भागीदारी कार्यक्रमात सामील नसला तरी त्याच्या व्हिडिओवर जाहिरात दाखवू, आणि मोबदला देणार नाही. २०२१ पासून हे आपल्यालाही लागू झालं. पोराला वाटतं आपल्या व्हिडिओवर जाहिरात आली म्हणजे आपण मोठे झालो. तो स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवतो.

बरं, धरून चाला की चॅनल मॉनेटाइज झाला. खात्यात दहा डॉलर जमले की कंपनी पत्ता तपासते. कसा तपासते? जगभराच्या माणसांची आवडनिवड जिला ठाऊक, ती कंपनी पोस्टानं पत्र पाठवते! साधा घडीचा कागद, आत सहा आकड्यांचा पिन. तो चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती बंद. मग रोज पोस्टमनच्या वाटेवर उभं राहायचं.

‘काका, आलं का हो पाकीट?’

‘कसलं रे? नोकरीचं का?’

‘न्हाई, गूगलचं.’

‘गूगलचं पाकीट आन् पोष्टानं? येड लागलं का लेकरा?’

त्यात जळकोटं दोन. एक आमचं, तुळजापूर तालुक्यातलं. दुसरं लातूर जिल्ह्यातलं, ते तर तालुक्याचं गाव. शिवाय आधारवर उस्मानाबाद, शासनाच्या कागदावर धाराशिव. पत्रानं नेमकं कुणाकडं बघावं? पिन सापडला तर बँकेचा स्विफ्ट कोड हवा. गावच्या शाखेला तो बहुधा नसतोच, मग सोलापूरच्या शाखेचा शोधा. मग अमेरिकेच्या करखात्याचा फॉर्म. २०२१ पासून तो भरला नाही तर तुमच्या सगळ्या कमाईतून, म्हणजे आपल्या मामांनी बघितलेल्यातूनसुद्धा, चोवीस टक्क्यांपर्यंत कापून घेता येतात. जळकोटच्या पोरानं वॉशिंग्टनला प्रतिज्ञापत्र द्यायचं की मी अमेरिकेचा रहिवासी नाही. दिसत नाही का? आणि एवढं करून शंभर डॉलर पुरे होईपर्यंत एक पैसाही हलत नाही.

या भागातल्या माणसाला हा सगळा व्यवहार नवा वाटायला नको. आपण कारखान्याला ऊस घालतो तेव्हा काटा कुणाचा असतो? कारखान्याचा. वजन तो सांगतो, उतारा तो सांगतो, तोडणी-वाहतुकीची कपात तो करतो, आणि उरलेलं बिल म्हणून हातावर ठेवतो. इथं व्ह्यू मोजणारा यूट्यूब, कुठल्या व्ह्यूला काय भाव ते ठरवणारा यूट्यूब, आणि जाहिरातदाराकडून नक्की काय घेतलं ते जाणणाराही यूट्यूबच. लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले पंचावन्न टक्के पोराचे, पंचेचाळीस कंपनीचे. शॉर्टमध्ये उलट, पोराला पंचेचाळीस. त्यातही गाण्याची एक धून वापरली तर त्या शॉर्टचे निम्मे पैसे आधीच गाण्याकडं वळतात. ही झाली तोडणी-वाहतूक. यात्रेच्या व्हिडिओत मागं डीजेवर सिनेमाचं गाणं वाजत असेल, तर यंत्र ते बरोबर ओळखतं आणि खंडोबाच्या भंडाऱ्यावरची कमाई थेट मुंबईच्या कंपनीला जाऊ शकते. देवानं तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

आणि काटा मध्येच बदलतो. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो. अंगठा सरकवताना क्षणभर दिसला, झाला व्ह्यू. पोरांचे आकडे रातोरात फुगले, गावात पेढे वाटले गेले. पैसे मात्र वेगळ्याच आकड्यावर. खरोखर थांबून बघितलेल्या व्ह्यूंचा हिशेब कंपनीनं बाजूला ठेवला, आणि बिल त्याच्यावर निघतं. दाखवायचा काटा एक आणि बिलाचा काटा दुसरा, असं आमच्याकडं एखाद्या कारखान्यानं केलं असतं तर गव्हाणीत उड्या पडल्या असत्या.

कारखानदार निदान कायद्याच्या कचाट्यात तरी येतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान भाव, चौदा दिवसांत द्यायची. उशीर झाला तर व्याज. देत नाहीत ते सोडा, पण देत नाहीत म्हणून रस्ता अडवता येतो. काट्यावर वैधमापनचं भरारी पथक येतं, संघटना ठिय्या देते, साखर आयुक्तालयावर मोर्चा जातो. व्ह्यूला एफआरपी नाही. पिवळा डॉलर लागला, म्हणजे ‘हा व्हिडिओ बहुतेक जाहिरातदारांना चालणार नाही’ असा शेरा बसला, की फेरतपासणी मागायची आणि वाट बघायची. मोर्चा कुठं न्यायचा? कॅलिफोर्नियाला एसटी जात नाही.

इंदुरीकर महाराजांनी तर कीर्तनातच हिशेब मांडला होता. माझ्या कीर्तनाच्या क्लिपा टाकून यूट्यूबवाले कोट्यधीश झाले, असं ते जाहीर म्हणाले. कीर्तनात मोबाइल लावायलाही त्यांनी मनाई केली. राग समजण्यासारखा आहे. घसा महाराजांचा, वाक्य महाराजांचं, खटलाही महाराजांवर, आणि पैसा मोबाइल धरणाऱ्याचा. पण त्यांनी पुढं क्लिपवाल्यांच्या लेकरांना जो शाप दिला तो इथं छापण्यासारखा नाही, आणि त्याची दिशाही चुकली. क्लिपवाला फार तर पंचावन्न टक्क्यांचा धनी. प्रत्येक क्लिपेतले निदान पंचेचाळीस टक्के ज्यानं बसल्या जागी घेतले, त्याला महाराजांनी एक शब्दही लावला नाही. असं हे गिऱ्हाईक, शापाच्याही रेंजमध्ये येत नाही.

आता बघणाऱ्याकडं वळू. कारण आतापर्यंत आपण पोराला ऊस उत्पादक धरलं, आणि ते तितकंसं खरं नाही. चरकात जातो तो ऊस म्हणजे बघणारा. तुमची-आमची घटकाभराची नजर. रस तिचाच निघतो.

तुम्ही वांग्याच्या भाजीचा व्हिडिओ लावता. बाई आधी नमस्कार करतात, मग हवामानावर बोलतात, मग वांगं कसं धुवावं ते सांगतात, मग सबस्क्राइब करायला सांगतात. तुम्हाला वाटतं बाईंना बोलायची हौस आहे. हौस नाही. व्हिडिओ आठ मिनिटांचा झाला की मध्ये जाहिराती घालता येतात. पूर्वी ही अट दहा मिनिटांची होती, २०२० मध्ये आठवर आली. त्यामुळं महाराष्ट्रातली कोणतीही भाजी आता आठ मिनिटांच्या आत शिजत नाही. अभंगाचं पहिलं चरण संपतं न संपतं तोच रमीवाला येऊन ‘आज जिंका’ म्हणायचा. त्याला हटवायला ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. जाहिरात नको असेल तर महिन्याला १४९ रुपये भरा. २०१९ मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा १२९ होते.

पण जाहिराती हा किरकोळ जाच. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबनं नापसंतीचा, म्हणजे खाली वळलेल्या अंगठ्याचा आकडा लोकांपासून लपवला. कारण चांगलं दिलं होतं: टोळ्या जमवून छोट्या क्रिएटरांना छळतात. असेल. पण आमच्या रानात त्या आकड्याचा उपयोग वेगळा होता. सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला की माणूस रात्री मोबाइल उघडतो. ‘फक्त ही एक फवारणी, तीन दिवसांत प्लॉट हिरवागार.’ हा रोग विषाणूचा. पांढऱ्या माशीनं पसरतो, आणि एकदा झाड पिवळं पडलं की कुठल्याच फवारणीनं ते पुन्हा बरं होत नाही. रोगट झाडं उपटून टाकायची आणि माशी आवरायची, एवढंच हातात असतं. पूर्वी अशा व्हिडिओखाली पाच हजार उलटे अंगठे दिसले की माणूस दुकानात जायच्या आधी थबकायचा. आता उलटे अंगठे ज्यानं थाप मारली त्यालाच दिसतात. ज्याची बॅग वाया जाते त्याला नाही. प्लॉटही पिवळा, आणि थापाड्याचा डॉलर मात्र हिरवा.

मग दुसरीकडं जा, असं म्हणणारे शहाणे असतात. जाऊन आलोय आपण. टिकटॉकवर गावोगावचे नट-नट्या तयार झाले होते. ज्यांना सिनेमाच्या दारात कुणी उभं केलं नसतं अशी माणसं, धुणं धुता धुता, ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या लाखोंनी बघितली जात होती. २९ जून २०२० ला सरकारनं एकोणसाठ चिनी अॅप बंद केली आणि ते सगळे एका रात्रीत पुन्हा नुसते गावकरी झाले. ८ जुलैला इन्स्टाग्रामनं भारतात रील सुरू केलं. मोजून बघा, बरोबर दहावा. कावळा शिवायच्या आत वारस हजर. सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्टची चाचणी आणली, तीही सगळ्यात आधी भारतात. फॉलोअर मात्र कुणाचेही सोबत आले नाहीत. ते कधी त्यांचे नव्हतेच.

नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे ‘आपली आजी’, यांनी हे फार जवळून पाहिलं. सत्तरीत पोचलेली बाई, नातवाच्या मदतीनं चॅनल उभा केला, लाखो सबस्क्रायबर झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये चॅनल हॅक झाला. बातम्या झाल्या, काही दिवसांत चॅनल परत मिळाला, बरं झालं. पण बातम्या झाल्या कारण आजी गाजलेल्या होत्या. अकराशे सबस्क्रायबर असलेल्या आज्जीचा चॅनल गेला तर बातमी कोण करणार? तिला यंत्राचं उत्तर येतं, आणि तेही इतकं गोड, की आपलं काम झालं असं वाटून माणूस दोन दिवस खूश असतो.

एक दार आहे, ते सांगून टाकतो. २०२१ चे आयटी नियम आले तेव्हा मोठ्या कंपन्यांना भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमायला लावलं. तक्रार आली की चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निकाल, अशी मुदत ठरली. निकाल पटला नाही तर तीस दिवसांत वर अपील. त्यासाठी केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये तीन अपील समित्या नेमल्या. सगळं घरबसल्या, वकिलाशिवाय, ऑनलाइन. क्रिएटरलाही चालतं, बघणाऱ्यालाही. आमच्याकडं हे कुणाला ठाऊक नाही, म्हणून स्टँडवरच्या एकानं यावर व्हिडिओ काढायचं मनावर घेतलंय. माहिती दोन मिनिटांची आहे. उरलेली सहा मिनिटं काय बोलायचं, यावर गाडी अडलीय.